सावकाश उलगडणारी कथा : एका संगणकीय खेळाचे परीक्षण

कथा सावकाश सांगावी की झटपट, हा प्रश्न अलीकडे कोणी विचारीत नाही. ती झटपट सांगावी, हे जणू ठरूनच गेले आहे. नियतकालिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या पुढील प्रकरणाची वाट पाहणारा वाचक विरळ झाला आहे आणि हातातल्या फोनवरची गोष्ट अर्ध्या मिनिटात संपू लागली आहे. अशा काळात संथ, दीर्घ आणि श्रोत्याच्या धीराची वर्षानुवर्षे परीक्षा पाहणारी कथा कोठे टिकून राहिली असेल, असे विचारले तर संगणकावरील खेळांचे नाव कोणाच्याही ओठावर येणार नाही. परंतु ज्या खेळांविषयी घराघरांतून आईवडिलांची तक्रार ऐकू येते, त्यांतीलच एक खेळ आम्ही येथे परीक्षणासाठी घेतला आहे. त्याचे नाव ‘फायनल फँटसी फोर्टीन’. जपानमधील स्क्वेअर एनिक्स या कंपनीची ही निर्मिती असून २०१३ सालापासून तिची कथा आजवर चालू आहे.

या खेळाची भलावण करावी किंवा त्याचा निषेध करावा, असा आमचा हेतू नाही. एखाद्या कादंबरीला जे प्रश्न विचारावयाचे, तेच आम्ही त्याला विचारणार आहोत. ही कथा इतकी संथ का आहे? त्या संथपणातून काय साधते? आणि त्यासाठी खेळणाऱ्याला आयुष्यातील जे शेकडो तास खर्ची घालावे लागतात, त्यांचे मोल पदरात पडते काय?

ज्या वाचकांचा या प्रकाराशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ऑनलाइन भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि इंटरनेटद्वारे एका काल्पनिक जगात शिरतो. त्याच वेळी हजारो इतर खेळाडू त्या जगात वावरत असतात. येथे लढाया आहेत, व्यापार आहे, मासेमारी आणि सुतारकामही आहे. बहुतेक अशा खेळांत कथा ही लढाईला निमित्त म्हणून असते. या खेळात मात्र मुख्य कथानकाची वाट एकच असून ती क्रमानेच चालावी लागते. एक काम पूर्ण झाल्याविना दुसरे उघडत नाही, आणि नवे प्रदेश, नव्या लढाया, नवी साधने यांची दारे त्या कथेतूनच उघडतात. दर काही वर्षांनी एक मोठा खंड येतो : ‘हेवनसवर्ड’ २०१५ मध्ये, ‘स्टॉर्मब्लड’ २०१७ मध्ये, ‘शॅडोब्रिंगर्स’ २०१९ मध्ये, ‘एंडवॉकर’ २०२१ मध्ये आणि ‘डॉनट्रेल’ २०२४ मध्ये. दोन खंडांच्या मधल्या काळात काही महिन्यांच्या अंतराने कथेचा एकेक हप्ता प्रसिद्ध होतो.

हप्त्याहप्त्याने ऐकण्याची ही रीत आपल्याला सर्वस्वी परकी म्हणता येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली मुद्रित झालेले ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. एका बैठकीत ते कोणी ऐकले नसणार. आमचे पूर्वज ते रविवारी, सणावारी थोडे थोडे ऐकत. दीर्घ कथा ऐकणाऱ्याच्या दिवसांत मिसळून जाते आणि तिच्यातील माणसे ओळखीची होतात, एवढीच आठवण येथे पुरे. दोहोंची योग्यता एक आहे, असे आम्ही सुचवीत नाही.

या खेळाचा जन्मच मुळी एका अपयशातून झाला. त्याची पहिली आवृत्ती २०१० च्या सप्टेंबरमध्ये बाजारात आली आणि सपशेल फसली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपविण्यात आली. त्यांनी जुना खेळ चालू ठेवून आतल्या आत नवा उभारावयास घेतला. जुना खेळ बंद करावयाचा तर सर्व्हर बंद करून सूचना लावली असती तरी चालण्यासारखे होते. पण त्यांनी त्या बंद होण्याचीच कथा केली. खेळातील आकाशात डालमुड नावाचा एक तांबडा उपग्रह होता. महिन्यामागून महिने तो हळूहळू मोठा दिसू लागला. अखेर ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तो फुटला, त्यातून बाहेर पडलेल्या महासर्पाने ते जग जाळले आणि खेळ बंद झाला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नवा खेळ सुरू झाला, तो त्या प्रलयानंतर पाच वर्षांनी. नव्या जगातील लोकांना आठवते की काही वीर आपल्यासाठी लढले होते; परंतु त्यांचे चेहरे मात्र कोणाला आठवत नाहीत. आठवू पाहिले की प्रकाशात उभ्या असलेल्या आकृती तेवढ्या दिसतात. ज्यांनी पहिला खेळ खेळला होता, त्यांच्या मनाला हे किती लागले असेल याची कल्पना करता येते. निर्मात्यांनी आपले अपयश झाकले नाही, त्याला कथेत जागा दिली. स्मरण आणि विस्मरण हा या खेळाचा मुख्य विषय येथेच ठरून गेला.

आता दोषाकडे वळू. नव्या खेळाचा पहिला भाग कंटाळवाणा आहे, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. एका राक्षसी शक्तीशी झुंज घेण्याची वेळ आलेली असताना नायकाला काही निवृत्त योद्धे मेजवानीसाठी मद्य आणि खाद्यपदार्थ गोळा करावयास पाठवितात. या निरोपातून त्या निरोपाकडे, या गावातून त्या गावाकडे अशी पायपीट करण्यात तासच्या तास जातात. मूळ भाग संपल्यावर पुढील खंडापर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे शंभर कामे पार पाडावी लागत. ऑगस्ट २०२० मध्ये निर्मात्यांनी स्वतःच त्यांतील काही गाळली व काही आटोपशीर केली. संथपणा आणि पाल्हाळ यांत भेद आहे, ही त्यांनी दिलेली कबुलीच होय. संथ कथेत प्रत्येक पावलागणिक माणूस अधिक कळत जातो. पाल्हाळात नुसते अंतर वाढते. हाच निकष आम्ही पुढेही लावणार आहोत.

त्या निकषावर खऱ्या ठरणाऱ्या एका उदाहरणाकडे प्रथम पाहू. खेळाच्या आरंभीच्या काळात स्फटिकाच्या एका प्राचीन मनोऱ्याची उपकथा होती. तीत ग्राहा टिया नावाचा एक उत्साही, काहीसा बडबड्या तरुण अभ्यासक भेटतो. उपकथेच्या शेवटी, २०१५ साली, तो मनोऱ्याची दारे आतून बंद करून घेतो आणि भविष्यातील कोणा पिढीला त्याचा उपयोग होईल या आशेने निद्रिस्त होतो. ही उपकथा त्या वेळी ऐच्छिक होती. पुष्कळांनी ती खेळून विसरूनही टाकली असेल. चार वर्षांहून अधिक काळानंतर, २०१९ च्या खंडात, एका परक्या जगात डोक्यावरून टोपडे ओढून चेहरा झाकलेला एक वृद्ध नगरपाल नायकाचे स्वागत करतो. तो कोण, हे कळावयास तो संपूर्ण खंड जावा लागतो. तो ग्राहा टियाच आहे. तो जागा झाला तेव्हा जग पुन्हा उद्ध्वस्त झालेले होते आणि नायक कधीच मरण पावला होता. त्या अंधाऱ्या काळातील माणसे नायकाच्या गोष्टी एकमेकांना सांगून धीर धरीत होती. स्वतःचा काळ सुधारणार नाही हे ठाऊक असूनही त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून मनोरा भूतकाळात पाठविण्याची विद्या सिद्ध केली, आणि ग्राहा टिया त्या परक्या जगात येऊन शंभर वर्षे वाट पाहत राहिला. खेळाडूनेही चार वर्षांहून अधिक काळ काढलेला असतो. पात्राची प्रतीक्षा आणि श्रोत्याची प्रतीक्षा अशी समोरासमोर येते, तेव्हा निर्माण होणारा परिणाम दोन तासांच्या चित्रपटाला साधणे कठीण आहे. ही उपकथा २०२० मध्ये निर्मात्यांनी सर्वांना अनिवार्य केली, हेही अर्थपूर्ण आहे. ज्या वर्षी निरर्थक पायपीट कापली, त्याच वर्षी पेरणीचा हा भाग मात्र त्यांनी कथेत कायमचा बसविला.

आमच्या वाचकांना सर्वांत अधिक अस्वस्थ करील तो भाग २०१५ च्या ‘हेवनसवर्ड’चा. त्यातील इशगार्ड हे बर्फाळ नगर एका धर्मपीठाच्या सत्तेखाली आहे. तेथे आर्चबिशप आहेत, सरदार घराणी आहेत, आणि महासर्पांशी हजार वर्षे चाललेले युद्ध आहे. पूर्वी महासर्पांनी आपल्यावर आक्रमण केले, असे धर्मपीठ शिकवीत आले. नायक आणि त्याचे सोबती डोंगरदऱ्या तुडवीत एका वयोवृद्ध महासर्पापर्यंत पोहोचतात, तेव्हा उलटेच सत्य बाहेर येते. माणसे आणि महासर्प एकत्र नांदत होते. सामर्थ्याच्या लोभाने विश्वासघात केला तो माणसांच्या राजाने. ज्यांच्या पूर्वजांनी घात केला, त्यांच्याच घरी पुढे त्या घाताचा पवित्र इतिहास शिकविला गेला.

धर्मसंस्थेला खलनायक बनविण्याची ही चालू फॅशन आहे, असे म्हणून हा भाग बाजूस सारता येईल. आम्हाला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण कथेच्या संथपणातच आहे. सत्य कळण्यापूर्वी कथा आपल्याला त्या नगरात राहावयास लावते. प्रवासात एक कट्टर सर्पमार योद्धा आणि महासर्पांची बाजू घेणारी एक बंडखोर स्त्री एकाच शेकोटीभोवती बसतात. त्यांच्याबरोबरचा सुखवस्तू तरुण सरपण गोळा करावयास शिकतो. या शेकोटीच्या प्रसंगांतून कथानक पुढे सरकत नाही, पण परस्परांचा द्वेष करणारी माणसे एका भांड्यातले खातात, हे आपण डोळ्यांनी पाहतो. आणि सत्य उघड झाल्यावर ते लोकांपुढे मांडणारा एमरिक हा श्रद्धावान सेनापती स्वतः त्या आर्चबिशपांचाच पुत्र आहे. तो श्रद्धेचा त्याग करीत नाही. श्रद्धेला चिकटलेले असत्य दूर करू पाहतो. सत्य ऐकून नगर शांतही होत नाही. ज्यांची मुले युद्धात पडली ते विचारतात की मग ती कशासाठी मेली? नंतरच्या कितीतरी हप्त्यांत हा प्रश्न रेंगाळत राहतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी इतिहासात केलेल्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली, तेव्हा ‘स्मृतीचे शुद्धीकरण’ हा शब्दप्रयोग आपल्या कानी आला होता. त्या शुद्धीकरणाला किती काळ लागतो आणि ते किती दुखते, याचे चित्र एका जपानी खेळात पाहावयास मिळावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

याच खंडात ओरशफाँ या पात्राचा मृत्यू होतो. तो एका सरदाराचा अनौरस पुत्र, सीमेवरील एका बर्फाळ ठाण्याचा नायक. खोट्या आरोपामुळे परागंदा झालेल्या आपल्या वीराला तो प्रथम दार उघडतो, शेकोटीजवळ बसवितो, आपल्या वडिलांच्या घरी आसरा मिळवून देतो. पुढे वीरावर फेकलेला भाला तो आपल्या ढालीवर झेलतो आणि ढाल फुटून मरण पावतो. त्याची तुटलेली ढाल नगराकडे तोंड करून असलेल्या त्याच्या थडग्यापाशी राहते. खेळाडू त्याला पहिल्यांदा भेटलेला असतो तो मागील खंडात, कित्येक तासांपूर्वी. म्हणूनच पाहुण्याला दार उघडणारा हा माणूस गेल्याचे दुःख खरे वाटते.

संथ कथनाचा कळस आमच्या मते २०१९ च्या ‘शॅडोब्रिंगर्स’मध्ये आहे. या खंडाच्या मुख्य लेखिका नात्सुको इशिकावा. येथला शत्रू एमेट-सेल्क. याने स्थापिलेल्या साम्राज्याचे नाव आपण पहिल्या भागापासून दुरून ऐकत आलेलो असतो. प्रत्यक्ष भेटल्यावर तो लढत नाही. आपल्याबरोबर चालू लागतो. कंटाळलेल्या म्हाताऱ्यासारखा जांभया देतो, टोमणे मारतो, प्रश्नांची उत्तरे देतो. अखेरीस तो आपल्याला समुद्राच्या तळाशी एका नगरात नेतो. जग चौदा तुकड्यांत विभागले गेले, त्यापूर्वीच्या त्याच्या लोकांचे हे नगर. त्याने ते केवळ आठवणीतून पुन्हा उभे केले आहे. तेथे पुन्हा किरकोळ कामे आहेत : कचेरीत नाव नोंदवावयाचे, रांगेत थांबावयाचे, उंचच उंच छायारूप नागरिकांशी बोलावयाचे. ते आपल्याला लहान मूल समजून मायेने वागवितात. पहिल्या भागात त्रासदायक वाटलेली हीच रीत येथे काळजाला हात घालते, कारण उद्या प्रलयात नष्ट होणार हे ठाऊक नसलेल्या शहराच्या एका सामान्य दिवसात आपण वावरत असतो. शत्रूला जे परत हवे आहे ते किती सुंदर होते, हे आपण पाहतो. आणि ते परत मिळविण्यासाठी तो कोट्यवधी जिवंत माणसांचा बळी देणार आहे, हेही आपण जाणतो. त्याला रोखावेच लागते. पराभवानंतर तो एवढेच मागतो की आम्ही होतो, हे लक्षात ठेवा.

त्या नगराचे नाव अमॉरोट, आणि तेथे भेटणाऱ्या एका मित्राचे नाव हिथ्लोडेअस. ही दोन्ही नावे संत थॉमस मोर यांच्या १५१६ सालच्या ‘युटोपिया’ या लॅटिन ग्रंथातून घेतलेली आहेत. अमॉरोट ही त्या आदर्श बेटाची राजधानी, आणि हिथ्लोडेअस हा तिचे वर्णन करणारा प्रवासी. मोर यांचा १५३५ मध्ये शिरच्छेद झाला आणि १९३५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ‘युटोपिया’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘कोठेही नसलेली जागा’ असा आहे. आदर्श नगरावरील प्रेम माणसाला जवळच्या जिवंत शेजाऱ्याविषयी आंधळे करू शकते, हा या खंडाचा आशय. या दोन नावांमागे एका ख्रिस्ती हुतात्म्याचा ग्रंथ उभा आहे, हे खेळणाऱ्या आपल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असेल? घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्याशी बोलावयास येथे एक विषय मिळतो.

२०२१ च्या ‘एंडवॉकर’मध्ये हा दीर्घ धागा समाप्त होतो. जगण्याचे प्रयोजन काय, हे विचारावयास ताऱ्यांकडे पाठविलेली मेटिऑन ही पक्षीरूप मुलगी सर्वत्र मृत संस्कृतीच पाहते आणि निराशेचाच निरोप घेऊन येते. कथेचे उत्तर असे की दुःख टाळता येत नाही, पण सोबत्यांच्या बळावर चालता येते. हे उत्तर उदात्त आहे. तथापि श्रद्धावंताला ते अपुरे वाटेल. येथली आशा माणसांनी माणसांना द्यावयाची आहे, तिला वरून येणारे वचन नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आशेविषयीच्या विश्वपत्रात मानवी लहानमोठ्या आशा आणि त्यांना आधार देणारी थोर आशा असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. खेळाने पहिल्या प्रकारच्या आशेचे प्रामाणिक चित्रण केले आहे, आणि त्यापलीकडचा दावा तो करीत नाही.

काही आक्षेप मात्र ठामपणे नोंदविले पाहिजेत. पहिला पैशाचा. खेळासाठी मासिक वर्गणी भरावी लागते. तेव्हा कथा जितकी लांबेल तितकी वर्गणी अधिक, हे उघड आहे. शिवाय जुनी कथा ओलांडून एकदम पुढे जाण्याची सोयही कंपनी स्वतंत्र मोल घेऊन विकते. स्वतःच रचलेली वाट टाळण्याचे पैसे घेणे, हा व्यापार कथेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. दुसरा आक्षेप नायकाचा. तो जवळजवळ मुका आहे. मान डोलावतो, मोजकी उत्तरे निवडतो, आणि काहीही निवडले तरी कथा ठरलेल्या वाटेनेच जाते. भूमिका-खेळ या नावातील ‘भूमिका’ येथे पुष्कळशी श्रोत्याचीच आहे. तिसरा आक्षेप असा की संथपणाची पुण्याई आपोआप पुढे चालत नाही. २०२४ च्या ‘डॉनट्रेल’चा आरंभ पुन्हा संथ होता, पण तो पुष्कळांना रुचला नाही. दहा वर्षांच्या ओळखीतून आलेले वजन नव्या पात्रांना उसने देता येत नाही, हेच त्यातून दिसले. तरी त्या खंडाचा उत्तरार्ध विसरण्याजोगा नाही. त्यात एक नगर असे आहे की तेथे माणूस मेला की त्याची आठवण जिवंतांच्या मनांतून यंत्राने पुसली जाते, जेणेकरून कोणी शोक करू नये. नोव्हेंबरमध्ये थडग्यांवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या नगराचे दारिद्र्य समजावून सांगावे लागणार नाही.

या खेळाने आपल्या श्रोत्यांना स्मरण करावयास शिकविले, याची एक खूण पडद्यावरील कथेबाहेरही दिसली. मे २०२१ मध्ये केंतारो मिउरा या जपानी चित्रकथाकाराचे निधन झाल्याचे वृत्त आले. त्यांच्या कृतीची छाया या खेळातील काळ्या चिलखताच्या योद्ध्यांवर आहे. कोणी आदेश दिला नव्हता, तरी देशोदेशींचे खेळाडू त्या योद्ध्यांच्या वेषात खेळातील नगरांच्या रस्त्यांवर रांगा धरून मूकपणे उभे राहिले. त्यांतले बहुतेक एकमेकांना कधीही भेटलेले नसतील.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? आमचा अभिप्राय असा की या खेळाचा संथपणा जेथे शत्रूची कहाणी ऐकून घेण्यासाठी, पाहुण्याला दार उघडणाऱ्याची ओळख होण्यासाठी, विसरलेल्याची आठवण परत आणण्यासाठी वापरला आहे, तेथे ही कृती साहित्याच्या पंक्तीला बसते. जेथे तो केवळ वेळ काढण्यासाठी आहे, तेथे ती दुकानदारी आहे. दोहोंचे प्रमाण विषम आहे आणि पहिल्या भागात दुसऱ्याचेच पारडे जड आहे. जो तरुण हा खेळ खेळतो त्याला आईवडिलांनी ‘किती तास बसलास?’ हे जरूर विचारावे. अभ्यास, झोप, प्रार्थना आणि घरची माणसे यांचा वाटा कोणत्याही कथेने खाऊ नये. पण त्याबरोबर ‘तुझ्या गोष्टीत आता कोण आहे, आणि त्याचे काय झाले?’ हेही विचारावे. दुसरा प्रश्न विचारला, तर मूल कदाचित अर्धा तास बोलेल, आणि ते अर्ध्या तासाचे सावकाश ऐकणे दोघांनाही लाभाचे होईल.